एक दिवस बालाघाटाचाही : सह्याद्री वाहिनीस अनावृत पत्र

माननीय कार्यक्रमप्रमुख,
सह्याद्री वाहिनी, दूरदर्शन केंद्र, वरळी, मुंबई
यांस

दूरदर्शनविषयी आजकाल दोनच प्रकारचे लेखन होते : एक, जुन्या दिवसांची आठवण काढून उसासे टाकणारे, आणि दुसरे, हे खाते अजून चालू आहे काय असा खोडसाळ प्रश्न विचारून हसणारे. प्रस्तुत पत्र या दोहोंपैकी कोणत्याही वर्गात मोडत नाही. आपली वाहिनी आजही पाहणाऱ्या, आणि पाहतो म्हणूनच तक्रार करण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवणाऱ्या, बीड जिल्ह्यातील एका प्रेक्षकाचा हा अर्ज आहे. तो दफ्तरी दाखल करण्यापूर्वी एकवार वाचावा, एवढीच प्रारंभीची विनंती.

प्रथम जे चांगले आहे ते मोकळ्या मनाने मान्य करतो. सकाळची भक्तिगीते, शेतीचा सल्ला, वैद्यांशी वा डॉक्टरांशी संवाद, एखाद्या लेखकाची निवांत मुलाखत, मुलांचा कार्यक्रम, गायन-वादन, आवाज न चढवता दिलेल्या बातम्या आणि रात्री एखादा जुना मराठी चित्रपट, हे सर्व एकाच दिवसाच्या पोटात, एकाच वाहिनीवर, कोणी कोणावर न ओरडता सामावलेले पाहावयाचे असेल तर मराठी माणसाला आपल्या दाराशिवाय दुसरे दार नाही. खासगी वाहिन्यांनी प्रेक्षकाचे तुकडे केले. भाविकासाठी एक वाहिनी, खवय्यासाठी दुसरी, भांडणाची हौस असणाऱ्यासाठी तर डझनभर. हातातल्या मोबाइलने त्यापुढची मजल मारली आणि ज्याला जे आवडते तेच त्याला पुन्हापुन्हा दाखविण्याचा विडा उचलला. आपली कार्यक्रमपत्रिका मात्र अजून नेकनूरच्या आठवडी बाजारासारखी आहे : बैल पाहावयास गेलेल्या माणसाच्या नजरेस वाटेत मडकीही पडतात, घोंगड्याही पडतात आणि एखादा डफावर पोवाडा म्हणणारा शाहीरही भेटतो. कापसावरील किडीची माहिती ऐकण्यासाठी संच लावून बसलेल्या शेतकऱ्याच्या कानावर पुढच्या अर्ध्या तासात अनवधानाने मालकंस पडावा, आणि त्याने उठून जाऊ नये, यासारखे लोकशिक्षण कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मला आढळलेले नाही. तेव्हा दिवसभराचे हे वैविध्य मोडून वाहिनीला एकसुरी, आणि त्यामुळे म्हणे अधिक खपाऊ, करावे असा सल्ला आपणांस कोणी देत असेल तर तो कृपा करून मानू नये.

माझी तक्रार निराळी आहे. कार्यक्रमांचे प्रकार अनेक आहेत, पण त्या सर्वांमागे उगवणारा आणि मावळणारा दिवस बहुतांशी एकाच मुलखाचा आहे. भक्तिगीताचा गायक, आरोग्याचा तज्ज्ञ, पुस्तकाचा लेखक, स्वयंपाकाची सुगरण आणि चर्चेचा विचारवंत हे सारे मुंबई-पुण्याच्या परिघात सुखाने राहणारे असले, तर विषय दहा असूनही दर्शन एकच घडते. बालाघाटाच्या डोंगररांगेवर आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या आमच्या अकरा तालुक्यांचा दिवस कसा उगवतो, तो कोणत्या वेळी संपतो, आणि वर्षातील निम्मे दिवस येथील घरांना कुलपे का असतात, याचा मागमूस त्या पत्रिकेत क्वचितच लागतो.

हा विसर आजचा नाही. त्याला इतिहास आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा मराठवाडा दुष्काळात होरपळत होता. वरळीला दिवे लागत असताना बीड जिल्ह्यातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती आणि मुले सुकडीच्या रांगेत उभी होती. ‘किलबिल’, ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका, यांविषयी मुंबईकर आणि पाठोपाठ सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणेकर जिव्हाळ्याने बोलू लागले, तेव्हा आमच्याकडे ही नावे वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळत. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो गाजलेला प्रयोग झाला, त्यासाठी सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडली गेली. एकेकाळी आमच्याबरोबर निजामाच्या राज्यात नांदलेल्या आणि पुढे कर्नाटकात गेलेल्या गुलबर्गा-रायचूरकडच्या खेड्यांत संच पोचले, परंतु त्या सहा राज्यांत महाराष्ट्राचे नाव नव्हते. १९८४च्या सुमारास लघुशक्ती प्रक्षेपकांची देशभर जी घाऊक उभारणी झाली तिच्यामुळे आडगावांनाही दूरदर्शन दिसू लागले खरे. पण हे प्रक्षेपक आरंभी दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम पुरवीत. अशा रीतीने, शके १११० मधील ‘विवेकसिंधु’चे कर्ते मानले जाणाऱ्या मुकुंदराजांची समाधी ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याला दूरदर्शनचे पहिले दर्शन मराठीतून घडले नाही. पुढे अंबाजोगाईजवळ पिंपळा धायगुडा येथे मनोरा उभा राहिला आणि त्या दिशेला अँटेना वळविण्यात एक पिढी गेली. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला मनोरा आला, चित्रणगृह आले नाही. आम्ही ग्रहण करावे, पाठवू नये, अशी ती विभागणी होती. एवढेच कशाला, अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन काही काळ माहिती व प्रसारण खात्याचे मंत्री होते, तरीही ती विभागणी बदलली नाही. (हा त्यांच्यावरील ठपका नव्हे, मंत्री बदलल्याने खात्याचे शिरस्ते बदलत नाहीत, हे सरकारदरबारी एकदा तरी अर्ज केलेल्या कोणालाही ठाऊक असते.)

देशातील जुन्या पद्धतीचे भूप्रक्षेपण ३१ मार्च २०२२ पर्यंत, मोजकी ठिकाणे वगळता, बंद करण्यात आले. त्याविषयी मी गळा काढणार नाही. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या आपल्या निःशुल्क डिश-सेवेने दरमहा वर्गणी न भरता चित्र घरात आणले, आणि ज्या घरात महिन्याचे दोनशे रुपयेही विचार करून खर्चावे लागतात त्या घराला या सोयीचे मोल ठाऊक आहे. परंतु याच सेवेवरील जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने देऊन प्रसार भारती जो पैसा मिळविते, त्यातील अल्पसा अंश जिल्ह्या-जिल्ह्यांत चित्रणाची तजवीज करण्याकडे वळविता येणार नाही काय, हा प्रश्न विचारून पुढे जातो. जमाखर्चाचे कागद आपल्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत.

माझ्याकडे आहे तो कायदा. १९९०चा प्रसार भारती कायदा, जो प्रत्यक्षात अंमलात येण्यास १९९७ उजाडले, त्याचे बारावे कलम आपल्या कचेरीत भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचे आहे. शिक्षण, शेती, ग्रामविकास, आरोग्य व कुटुंबकल्याण यांकडे विशेष लक्ष पुरवावे. निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृतींना व भाषांना पुरेसे स्थान द्यावे. श्रमिक वर्गाच्या हक्कांचे रक्षण करावे. ग्रामीण व दुर्बल घटकांची, तसेच मागास वा दूरस्थ भागांत राहणाऱ्यांची सेवा करावी, ही कर्तव्ये त्यात एकापाठोपाठ एक सांगितली आहेत. ती वाचताना असे वाटते की, कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या नकळत का होईना, आमच्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारचा ऊसतोड मजूर उभा होता. कारण तो श्रमिकही आहे, ग्रामीणही आहे, दुर्बलही आहे, आणि मागास भागातला तर आहेच आहे.

या मजुराविषयी मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या गाऱ्हाण्याचा गाभा तोच आहे. दसरा झाला की या जिल्ह्यातून लक्षावधी माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूरकडे आणि कर्नाटकातही कारखान्यांच्या फडांवर निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या कोयत्याला स्वतःची अशी वेळ नसते. पहाटेच्या काळोखात फडात शिरावे, दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधाव्यात, वाहन ज्या वेळी येईल त्या वेळी, मग ती मध्यरात्र का असेना, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढावे, आणि उरलेल्या काळात पाचटाच्या कोपीपुढे चूल पेटवावी, असा तो दिवस. जाहिरातदारांच्या भाषेत ज्याला प्राइम टाइम म्हणतात तो या दिवसात नाही. कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्यात माणसे परत येतात आणि पावसाची वाट पाहतात. आपली कार्यक्रमपत्रिका आखताना जानेवारी आणि जून यांत प्रेक्षकाच्या दृष्टीने काही अंतर असते, असे आपण मानीत असाल असे पत्रिकेवरून तरी वाटत नाही. आमच्याकडे मात्र या दोन महिन्यांत गावेच्या गावे निराळी असतात.

फडातल्या माणसाने कोयता खाली ठेवून दूरचित्रवाणी पाहावी असे मी म्हणत नाही. पण आज जवळजवळ प्रत्येक टोळीत मोबाइल आहे आणि आपले कार्यक्रम यूट्यूबवरही असतात. तोडणीचे दर कसे ठरतात, उचलीचा हिशेब लिहून कसा ठेवावा, अपघात झाल्यास कोठे अर्ज करावा, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे नोंदणी करून काय मिळते, हे सांगणारे पंधरा-पंधरा मिनिटांचे कार्यक्रम गळीत हंगामात दर आठवड्याला प्रसिद्ध झाले, आणि त्यांवर विषय व तारीख स्वच्छ मराठीत लिहिलेली असली, तर ते कोपीतल्या माणसापर्यंत पोचतील. त्यांत अधिकाऱ्याने मजुराला उपदेश करू नये. मजुराने विचारावे आणि अधिकाऱ्याने उत्तर द्यावे, एवढे पथ्य पाळले तर पुरे.

मागे राहणाऱ्यांचे काय? मागे राहतात म्हातारी माणसे आणि मुले. ज्या मुलांचे आईबाप फडावर आहेत त्यांच्यासाठी जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती मुले शाळेनंतर संध्याकाळी काय करतात, याचा विचार बालकार्यक्रमाच्या निर्मात्याने एकदा तरी करावा. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’भोवती महाराष्ट्रात प्रेक्षकांची मंडळे उभी राहिली होती, कार्यक्रम पाहावा, त्यावर बोलावे, आणि त्यातून काही काम उभे करावे, अशी ती कल्पना. दूरचित्रवाणीने माणसाला खुर्चीत बसविण्याऐवजी खुर्चीतून उठविण्याचे ते आपल्या भाषेतील दुर्मीळ उदाहरण आहे आणि त्याचे जनकत्व आपल्याच केंद्राकडे आहे. ही मंडळे हंगामी वसतिगृहांत पुन्हा सुरू करावयास नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक निर्माता, एक ठरलेली वेळ आणि शिक्षण खात्याशी एक पत्रव्यवहार एवढ्यावर काम भागते. आजीच्या वा वसतिगृहाच्या आधाराने राहणाऱ्या मुलाला पडद्यावर आपल्यासारखेच दुसरे मूल दिसावे, आणि ते केविलवाणे नव्हे तर गणित सोडविताना, गोष्ट सांगताना, नाटुकले करताना दिसावे, ही अपेक्षा फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

स्त्रियांच्या कार्यक्रमांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण आकडे स्वतःच पुरेसे बोलतात. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या, आणि हे प्रमाण राज्यात सर्वांत कमी होते. पुढे २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, आणि दुखण्यावर योग्य सल्ला देणारे कोणी जवळ नाही, अशा अवस्थेत घेतलेले हे निर्णय होते. दुपारच्या कार्यक्रमातील पाककृतींना माझा विरोध नाही. पण शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी डॉक्टरला कोणते प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत कसे घ्यावे, हे एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईने आपल्या पडद्यावरून दर हंगामापूर्वी सांगितले, तर त्या अर्ध्या तासाची किंमत कोणत्याही मालिकेपेक्षा अधिक होईल.

शेतीच्या कार्यक्रमाकडे वळतो. ‘आमची माती आमची माणसं’ हे नाव ग्रामीण महाराष्ट्रात घरोघरी रुजले आहे, आणि ते रुजविणाऱ्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि एकंदर शेतीच्या कार्यक्रमांत यशोगाथांचा सुळसुळाट झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेततळे, ठिबक, हरितगृह, परदेशी भाजी आणि शेवटी लाखांचे उत्पन्न, ही कथा आता आम्हांस पाठ झाली. आष्टी-पाटोद्याच्या हलक्या रानात, जेथे विंधनविहीर कोरडी निघाली की माणूस कर्जात जातो, तेथे यशापेक्षा अपयशाचे शिक्षण अधिक उपयोगी पडते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. २०२२च्या पावसाळ्यात गोगलगायींनी बीड, लातूर, उस्मानाबाद भागातील कोवळे सोयाबीन एका रात्रीत फस्त केले आणि शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागली. अशा वेळी माहिती चार दिवसांत हवी, हंगाम संपल्यावर नव्हे. संध्याकाळी अंथरलेल्या ओल्या गोणपाटाखाली गोगलगायी रात्रीतून जमा होतात, त्या सकाळी उचलून मिठाच्या द्रावणात टाकाव्यात, ही साधी गोष्ट तेव्हा एका गावातून दुसऱ्या गावात तोंडोतोंडीच पसरत होती. जे फसले, ते का फसले, हे त्याच शेतकऱ्याच्या तोंडून, त्याची मानखंडना न करता, दाखविणारा कार्यक्रम आपण काढाल काय? आणि यशोगाथाच हवी असेल तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळ आहेच. ते मानांकन मिळाल्याने तोडणाऱ्या बाईच्या हातात किती पैसे अधिक पडले, एवढे मात्र त्या कार्यक्रमात विचारावे.

संस्कृतीच्या बाबतीत आम्ही दरिद्री नाही, हे सांगावे लागते याचाच खेद वाटतो. मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची वस्त्रावर लिहिलेली पासोडी, परळीचे वैजनाथ, बीडचे कंकालेश्वर मंदिर आणि सोळाव्या शतकातील खजिना विहीर यांवर अर्ध्या-अर्ध्या तासाचे माहितीपट करून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते पुरेसे वाटत नाहीत. येथील गावोगावचे कीर्तन, बीडच्या मुशायऱ्यांतली दखनी उर्दू, अंबाजोगाईच्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहातील गाणे आणि व्याख्याने, हे चालू वर्तमान आहे, संग्रहालय नव्हे. तसेच आमच्या बोलीचा उपयोग नाटकातल्या गड्याकरवी हसविण्यापुरता करू नये, आणि ज्ञानाच्या विषयावर बोलणारा माणूस त्याच बोलीत बोलत असला तरी त्याला मध्येच सुधारू नये. प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे यांच्या वाणीने प्रमाण मराठीचा एक आदर्श घालून दिला आणि मी त्याचा भक्त आहे. पण बातमी वाचण्याचा आदर्श हा बोलण्याचा कायदा होऊ नये.

बातम्यांविषयी एवढेच, की गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्याचे नाव गुन्हे, दुष्काळ आणि मोर्चे यांच्या निमित्तानेच राज्याच्या कानावर पडते. खासगी वाहिन्यांकडून दुसरी अपेक्षा नाही. आपल्याकडून आहे.

आणखी एक लहानशी मागणी. पूर्वी रविवारी ‘साप्ताहिकी’ असे; पुढील आठवड्यात कोणत्या दिवशी काय दिसणार हे त्यात सौजन्याने सांगितले जाई, आणि माणसे त्याप्रमाणे आपली कामे आवरीत. आज उत्तम कार्यक्रम येतो आणि जातो, आणि तो येऊन गेल्याचे आम्हांस तिसऱ्याकडून कळते. पूर्वसूचना आणि सोयीच्या वेळी पुनःप्रक्षेपण, या दोन्ही गोष्टींना फारसा खर्च येत नाही. आणि आमच्याकडील ज्या शिकल्यासवरल्या मंडळींनी संच आपल्या वाहिनीवर लावणे केव्हाच सोडून दिले, तरीही दूरदर्शनच्या अधोगतीवर जे तासभर बोलू शकतात, त्यांनीही त्या साप्ताहिकीच्या निमित्ताने आठवड्यातून एक संध्याकाळ आपणांस द्यावी, असे मी त्यांना स्वतंत्रपणे सुचविणार आहे.

शेवटी, या सर्व मागण्यांना एक मूर्त रूप देतो, म्हणजे ‘विचाराधीन’ असा शेरा मारून अर्ज परत करणे कठीण जावे. येत्या वर्षातील एक संपूर्ण दिवस, पहाटेच्या भक्तिगीतापासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत, आपण बीड जिल्ह्याला द्यावा. कीर्तन आमच्या गावचे, शेतीचा कार्यक्रम आष्टीच्या रानातला, मुलांचा कार्यक्रम हंगामी वसतिगृहातला, स्त्रियांचा कार्यक्रम धारूर-केजच्या बायकांचा, काव्य मराठीबरोबर दखनीतले, गाणे अंबाजोगाईचे आणि चर्चा येथल्याच माणसांची. तो दिवस जमला तर पुढच्या महिन्यात तो गडचिरोलीला द्या, नंदुरबारला द्या, सिंधुदुर्गाला द्या. वैविध्याचा आपला दावा त्याने खरा ठरेल. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड शहरापर्यंत रेल्वेही सुरू झाली आहे, तेव्हा अंतराची सबब आता चालण्यासारखी नाही. मात्र आपल्या चमूने दसऱ्यापूर्वी यावे. त्यानंतर टोळ्या निघतात, आणि ज्यांचे चित्रण करावयाचे ती माणसे गावात भेटणार नाहीत.



आपला विश्वासू,
बीड जिल्ह्यातील एक प्रेक्षक
अंबाजोगाई